आतल्या कडीचा हक्क

मज्जारज्जूला, म्हणजे कण्याच्या पोकळीतून मेंदूचे संदेश शरीरभर नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला, इजा झालेल्या प्रौढ व्यक्तीला पुनर्वसनकाळात लघवी-शौचाचे व्यवस्थापन, त्वचेची निगा आणि व्हीलचेअरचा वापर काटेकोरपणे शिकवला जातो. मात्र तिच्या शरीरसुखाचा आणि सहजीवनाचा विषय बहुधा कोणीच काढत नाही, आणि हे मौनच तिला ‘तो अध्याय आता संपला’ असे सांगून जाते.

शरीरशास्त्राची साक्ष वेगळी आहे. लिंगाला स्पर्शाने येणारी प्रतिक्षिप्त ताठरता मज्जारज्जूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांतून घडते, तर विचाराने वा आठवणीने येणारी मनोजन्य ताठरता छातीच्या अकराव्या खंडापासून कंबरेच्या दुसऱ्या खंडापर्यंतच्या भागावर अवलंबून असते. त्यामुळे इजा वरच्या भागात असल्यास पहिला प्रतिसाद पुष्कळदा टिकून राहतो. स्त्रियांची पाळी इजेनंतर काही महिने थांबू शकते, परंतु गर्भधारणेची क्षमता सहसा कायम राहते, म्हणून संततिनियमनाचा सल्ला त्यांनाही लागतो, आणि तो देताना हालचाल कमी असलेल्या शरीरात काही गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, हेही पाहावे लागते.

उरलेले प्रश्न बरेचसे व्यवहाराचे असतात. समागमापूर्वी मूत्राशय रिकामे करणे, कॅथेटर असल्यास त्याची नळी चिकटपट्टीने पोटाला नीट बसवणे, गुडघ्यांखाली उशी घेणे आणि संवेदना नसलेल्या त्वचेवर ओरखडा वा दाबाचा लाल डाग उमटला का, हे नंतर आरशात पाहणे, एवढी माहिती अनेक जोडप्यांची धास्ती कमी करते. छातीच्या सहाव्या खंडाच्या किंवा त्याहून वरच्या इजेत मात्र एकाएकी डोके ठणकून चेहरा लाल झाला आणि घाम फुटला, तर ते ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचे, म्हणजे रक्तदाब धोकादायकरीत्या चढण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ताबडतोब थांबून उठून बसावे आणि त्रास न ओसरल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये लैंगिक समुपदेशनाच्या चार पायऱ्या मांडल्या : परवानगी, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि सखोल उपचार. यांतील पहिली पायरी म्हणजे उपचारकाने स्वतःहून विषय काढून तो बोलण्याजोगा आहे असा विश्वास देणे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा गाळली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती दिव्यांगांना मिळावी, अशी तरतूद आहे. तेव्हा ही माहिती देणे हा उपचारकाचा मोठेपणा नसून त्याचे कर्तव्य आहे.

घरातही अशीच परवानगी हवी असते. दिवसभर शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराला रात्री पुन्हा प्रियकर वा प्रेयसी होता यावे, यासाठी शक्य तेथे काही कामे मदतनीसाकडे सोपवणे उपयोगी ठरते. आणि ‘रात्री काही लागले तर’ म्हणून सताड उघडे ठेवलेले दार कधी लावायचे, हे त्या दोघांना ठरवू देणे अत्यावश्यक असते. उशाशी हाकेची घंटा ठेवली आणि व्हीलचेअरवरून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर दाराला आतून कडी बसवली, तर सुरक्षितता आणि एकांत यांपैकी एकच निवडण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.