ओविंझा! ओविंझा!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला! मला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, बटणसुद्धा शेजारच्या काकू लावून देतात, तरी सांगणारच!

भाचीच्या पदवीदानाला साउथ डकोटात गेले होते. हा लाकोटा आदिवासींचा मुलूख. नावं पुकारली जात होती, मी मस्त पेंगत होते, आणि मग एका मुलाच्या खांद्यावर त्याच्या आजीने गोधडी घातली आणि ती उलगडली आणि मग माझी झोपच उडाली! पाठभर एकच तारा! आठ टोकांचा! मधे पिवळा, मग केशरी, मग लाल!

"अगं, ही तर सत्काराची शाल!" मी भाचीला कोपराने ढोसलं. फक्त आपली शाल चार सत्कार फिरून परत आपल्याच कपाटात येते!

मग काय, आजींनाच गाठलं. हा तारा म्हणजे पहाटेची चांदणी! पूर्वी अंगावर बायसनचं कातडं असायचं. १८८० च्या दशकापर्यंत गोऱ्यांनी ते कळप जवळजवळ संपवले, माणसं राखीव प्रदेशात कोंडली, मिशनऱ्यांनी तुकडे जोडायला शिकवलं आणि मग या बायांनी त्यांच्याच सुईने आपली चांदणी शिवली! नाव काय, तर विचाख्पी ओविंझा. ओविंझा! आणि आपण सुईत दोरा काय करतो? ओवतो! (योगायोग आहे, ठाऊक आहे. भाषातज्ज्ञांनो, मारू नका.)

आणि हे ऐका! घरातलं माणूस गेलं की त्या घरचे वर्षभर अशा गोधड्या शिवतात आणि मग वर्षाच्या दिवशी सगळ्या वाटून टाकतात! सगळ्या! मान देणाऱ्याचा!

घरी येताच काकूंचं मशीन मागून आणलं. तुकडे थेट शंकरपाळ्यांसारखे! एका पाकळीत सात गुणिले सात, पाकळ्या आठ, म्हणजे ३९२ शंकरपाळे! मी आपले पाकळीला चारच घेतले. पण तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, शिवण केसभर इकडची तिकडे होते आणि मग आठही टोकं जिथे भेटतात तिथे माझी चांदणी पुरीसारखी टम्म फुगली!

"टोपी छान झालीये," काकू म्हणाल्या.

उसवतेय. तुमच्याकडे जुन्या सुती साड्या आहेत ना? घेऊन या! आणि कात्री धारेची आणा!