खांबहून गागोद्याला

बालमित्रांनो, मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाताना नागोठणे मागे पडलं, की कोलाडच्या आधी खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव. इथून उलटं फिरून पेणला या. गणपतीच्या मूर्तींचे कारखाने बघा, पण तिथेच थांबू नका. याच पेण तालुक्यात गागोदे आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे इथे जन्मले.

त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळत नसे. मराठीतली आणून दिली, तर तीही जड वाटली. तेव्हा त्या विन्याला म्हणाल्या, की मग तूच का नाही सोपी करून देत? तुला जमेल!

आई १९१८ साली गेली. तिचा शब्द मात्र राहिला. ७ ऑक्टोबर १९३० ला विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली, ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. श्लोक ७००, महिने चार. करा बरं भागाकार! दिवसाला सहासुद्धा पडत नाहीत.

तुम्हालाही लिहावंसं वाटतं ना? मग आज चारच ओळी लिहा. खांब कसं दिसलं, एसटीत शेजारी कोण बसलं होतं, एवढंच. उद्या आणखी चार. आणि आईबाबांनो, मुलांची ही वही तपासायला मागू नका हं, ऐकायला मागा!