स्टेशनसमोरच्या दोन बहिणी आणि सफरचंदाची उलटी तार्त

फ्रान्सला जाणारी आपली मंडळी बहुधा पॅरिस पाहतात, आयफेल मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. आमची कन्या ओर्लेआं या शहरी नोकरीस असल्यामुळे आम्हा उभयतांना पॅरिसच्या दक्षिणेकडचा मुलूख निवांत पाहायला मिळाला. ओर्लेआंपासून सुमारे ३५ किलोमीटरवर लामोत-ब्यूव्रों नावाचे छोटेसे गाव आहे. तिथे ना मोठा किल्ला, ना संग्रहालय. तरीही जगभरच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांत या गावाचा उल्लेख येतो आणि तो स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या दोन बहिणींमुळे येतो. म्हणून मुद्दाम वेळ काढून आम्ही तिथे गेलो.

हा सारा प्रदेश सोलोन्य म्हणून ओळखला जातो. आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तर जिकडे तिकडे चीड, ओक आणि भूर्जाची झाडे, मधूनमधून तळी आणि लाल विटांची बसकी घरे. आज हे दृश्य मोठे रमणीय वाटते. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोलोन्य हे दारिद्र्याचे दुसरे नाव होते. वर वाळू आणि खाली चिकणमाती, त्यामुळे पाणी मुरत नसे. जमीन आंबट, पीक कसेबसे राय धान्याचे. साचलेल्या पाण्याने हिवताप कायमचा मुक्कामाला असे. १८५२ साली तिसऱ्या नेपोलियनने लामोत-ब्यूव्रों येथे जहागीर विकत घेतली आणि या भागाच्या सुधारणेला जोर आला. पाण्याचा निचरा करण्यात आला, चिडाची लागवड झाली. आंबट जमिनीला चुनखडीची माती मिळावी म्हणून सोल्द्र नावाचा कालवा खणला गेला, त्याचे काम १८४८ सालीच सुरू झाले होते. त्याआधी एक वर्ष, १८४७ साली, ओर्लेआंहून व्हिएर्झोंला जाणारी रेल्वे या गावावरून धावू लागली.

रेल्वे आली तशी पॅरिसची धनिक मंडळीही आली. त्यांनी इथली जंगले घेतली, शिकारीचे वाडे बांधले. पण ज्यांच्या पिढ्या त्याच मातीत राबल्या त्यांच्यासाठी तेच जंगल परके झाले. चोरून ससा मारून पोट भरणाऱ्या अशाच एका सोलोन्यच्या माणसावर मोरिस जनव्हा यांनी ‘राबोलिओ’ ही कादंबरी लिहिली आणि १९२५ सालचे गोंकूर पारितोषिक तिला मिळाले. शिकारीचा हंगाम शरद ऋतूत सुरू होई. गाडीतून उतरणारे शिकारी भुकेले असत आणि सफरचंदेही त्याच दिवसांत तयार होत. या दोन गोष्टींची गाठ पडली ती स्टेशनासमोरच्या एका हॉटेलात.

स्टेशनातून बाहेर पडले की समोरच हॉटेलची ती वास्तू दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तेफानी आणि कारोलीन तातँ या दोघी सख्ख्या बहिणी ते हॉटेल चालवीत. थोरली स्तेफानी १८३८ सालची, धाकटी कारोलीन १८४७ सालची, म्हणजे गावात रेल्वे आली त्याच वर्षी जन्मलेली. थोरलीने चूल सांभाळायची आणि धाकटीने आल्यागेल्याचे पाहायचे, अशी कामाची वाटणी होती. स्तेफानीच्या हातचा गाजलेला पदार्थ म्हणजे सफरचंदाची तार्त. तार्त म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीवर फळे मांडून भट्टीत भाजलेला पदार्थ. स्तेफानीची तार्त मात्र उलटी. फळे तळाशी, पारी वर, आणि भाजून झाल्यावर सगळे ताटात पालथे करायचे. साखर-लोण्याच्या पाकात मुरलेली, तांबूस झालेली सफरचंदे मग वर येतात.

आता या पदार्थाची जी कथा सर्वत्र सांगितली जाते ती पाहा. शिकारीचा हंगाम सुरू झाला होता, गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. घाईत स्तेफानी पारी घालायला विसरली, सफरचंदे करपू लागली, मग तिने वरूनच पारी टाकली आणि वेळ मारून नेली. कोणी सांगतात, तार्त हातातून पडली आणि तिने ती तशीच उलटी वाढली. गोष्ट मजेदार आहे, म्हणून ती टिकली. परंतु आम्हाला ती पटत नाही.

कारण, फळे खाली आणि पारी वर अशी उलटी तार्त सोलोन्य भागात या बहिणींच्या आधीपासून होत असे. १८३३ साली, म्हणजे स्तेफानीच्या जन्मापूर्वीच वारलेल्या कारेम या नामांकित आचाऱ्याच्या पुस्तकातही फळे लावून उलटे केलेल्या केकांचा उल्लेख आहे. म्हणजे रीत ठाऊक होती. स्तेफानीने ती इतकी उत्तम साधली की माणसे त्या तार्तसाठी गाडीतून उतरू लागली. वर्षानुवर्षे रोज चुलीपुढे उभे राहून मिळवलेली ही जाण आहे. एका दिवसाच्या घसरलेल्या हाताला तिचे श्रेय कसे द्यावे?

दुसरी कथा पॅरिसच्या प्रसिद्ध मॅक्झिम रेस्टॉरंटची. त्याचे मालक लुई व्होदाब्ल सांगत की, तरुणपणी आपण लामोत-ब्यूव्रोंला ही तार्त खाल्ली, कृती मिळेना म्हणून माळी बनून हॉटेलात नोकरी धरली, आणि गुपित घेऊन पॅरिसला आलो. आता तारखा लावून पाहा. व्होदाब्ल यांचा जन्म १९०२ सालचा. बहिणींनी काम थांबवले १९०६ साली. कारोलीन १९११ साली वारली, स्तेफानी १९१७ साली. चार वर्षांच्या माळ्याने कोणती बाग राखली असेल, हे वाचकांनीच ठरवावे! व्होदाब्ल घराण्याकडे मॅक्झिम आले तेच मुळी १९३२ साली.

पदार्थाला बहिणींचे नाव मिळाले तेही त्यांच्या पश्चात. क्यूरनोन्स्की या टोपणनावाने लिहिणारे खाद्यलेखक मोरिस एदमों सायां यांनी १९२६ साली या तार्तची वाखाणणी केली, आणि पुढे ती ‘तार्त तातँ’ म्हणून जगभर पसरली. नाव मिळाले ही चांगलीच गोष्ट झाली. नाही तर घराघरांतल्या किती कृती करणारीच्या नावाशिवाय चालत आल्या आहेत! पण नाव दिले आणि सोबत वेंधळेपणाची कथाही चिकटवली. बाईच्या हातून उत्तम काही घडले की ते ‘सहज झाले’, ‘चुकून झाले’ असे म्हणण्याची खोड सर्वच देशांत दिसते. गावाने मात्र आपल्या लेकींची आठवण जपली आहे. १९७९ साली तिथल्या मंडळींनी या तार्तचे मंडळ स्थापन केले. मूळ रीत बिघडू नये, वर साय किंवा आइस्क्रीम थापू नये, असा त्यांचा आग्रह असतो.

ओर्लेआंला परतल्यावर कन्येच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हाला ही तार्त करून दाखवली. त्या सांगत होत्या, कन्या मराठीत समजावत होती. ते पाहिल्यावर तर ‘चुकून झाले’ या कथेवरचा उरलासुरला विश्वासही उडाला. भगिनींसाठी कृती देतो.

पारीसाठी २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि १०० ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळून रवाळ करावे. तीन-चार चमचे गार पाणी घालून गोळा करावा, मळू नये. मळले की पारी चिवट होते. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा. दीड किलो घट्ट, आंबटगोड सफरचंदे सोलून, बिया काढून प्रत्येकी चार फोडी कराव्यात. पिठूळ सफरचंद घेतल्यास त्याचा लगदा होतो. आपल्याकडे आंबट हिरवी सफरचंदे मिळतात, ती चालतील.

जाड बुडाचे, सुमारे २५ सेंटिमीटर रुंदीचे आणि भट्टीत चालेल असे धातूच्या मुठीचे भांडे घ्यावे. त्यात १०० ग्रॅम लोणी वितळवून १५० ग्रॅम साखर पसरावी. फोडी उभ्या, एकमेकींना अगदी खेटून लावाव्यात, कारण शिजताना त्या आकसतात. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. फळाचे पाणी सुटते, आटते, आणि मग पाकाला रंग चढू लागतो. इथेच खरी परीक्षा आहे. पिवळट पाक नुसता गोड लागतो, काळा पडला की कडू होतो. गडद मधासारखा तांबूस रंग आला की त्याच क्षणी आच बंद करावी. त्या बाई घड्याळाकडे पाहत नव्हत्या. बुडबुड्यांचा आवाज आणि वास यांवरून त्यांना कळत होते.

मग पारी लाटून फोडींवर पसरावी, कडा आत खोचाव्यात, वाफेसाठी दोन-तीन भोके पाडावीत. २०० अंश सेल्सियसला तापलेल्या भट्टीत अर्धा तास भाजावे. पूर्वी त्या भागात भांड्याखाली आणि झाकणावरही निखारे ठेवून भाजत. आपल्याकडेही पातेल्यावर निखारे ठेवून खरपूस भाजण्याची रीत होती, हे जुन्या माणसांना आठवत असेल. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. लगेच उलटली तर पाक वाहून जातो, पार गार झाली तर तळाला चिकटून बसते. वर मोठे ताट पालथे धरून, दोन्ही हातांत जाड फडके घेऊन, एका दमात उलटावे. पाक फार भाजतो, म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नये. कोमटच वाढावी.

मळायचे नाही तिथे हात आवरणे, रंग ओळखून आच बंद करणे, उलटण्याआधी नेमके तेवढेच थांबणे, यातली प्रत्येक गोष्ट शिकावी लागते. स्तेफानीने ती शिकून, वर्षानुवर्षे करून दाखवली. पुढे कधी कोणी ही तार्त वाढताना विसरभोळ्या आचारणीची गोष्ट सांगू लागले, तर वाचकांनी त्यांना जरूर सांगावे की ती बाई आपल्या कामात निष्णात होती.