करवतीचा सूर

सुरतेच्या आग्नेय अंगाला वसलेल्या डिंडोलीत, जेथे तापीच्या खोऱ्यातून उधना-जळगाव रेल्वेमार्गाने उतरलेली असंख्य खानदेशी कुटुंबे स्थिरावली आहेत, तेथे यंत्रमागांच्या अखंड गदारोळात नेमका आपलाच माग अडखळला हे पाठ फिरवून उभ्या असलेल्या कारागिराला तत्काळ उमगते. या आवाजाने कालांतराने बहिरेपण येते हेही खरेच. परंतु तोवर त्या कानाइतका विश्वासू अंमलदार दुसरा नाही, आणि साखळी करवतीचा कार्बोरेटर लावणे हा मामला प्रथमपासून अखेरपर्यंत कानाच्याच अखत्यारीतला आहे.

पावसाळ्यापूर्वी गुलमोहरांच्या ओथंबलेल्या फांद्या उतरवण्याची घाई उडाली की वर्षभर अडगळीत पडलेल्या करवती मिस्त्रीपुढे येतात. मोटारसायकलीच्या जुन्या कार्बोरेटरात तरंगता गोळा इंधनाची पातळी राखतो. ही करवत मात्र आडवी, तिरपी, प्रसंगी उलटीही धरावी लागते, म्हणून तिच्यात ते काम एका लवचिक पडद्याकडे सोपवलेले असते. क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांवर दुसरा पडदा हलतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून आणतो. एवढ्या नाजूक कारभारावर हुकमत चालते ती तीन पेचांची: मंद गतीच्या इंधनाचा एल, पूर्ण वेगाच्या इंधनाचा एच, आणि इंजिन नुसते धुगधुगत राहावे म्हणून तिसरा. त्या अवस्थेत साखळी तसूभरही सरकता कामा नये. सरकली, तर करवत कामास नालायक समजावी.

जाणता मिस्त्री पेचाला हात लावण्यापूर्वी हवेची जाळी स्वच्छ करतो, कारण तुंबलेल्या जाळीमुळे गुदमरलेल्या इंजिनाचे पेट्रोल कमी करून जो रोग झाकतो, तो जाळी साफ होताच दुसऱ्या, अधिक भयंकर रोगाला आमंत्रण देतो. मग पाते व साखळी चढवलेलीच ठेवून तो इंजिन तापवतो, एल लावतो, आणि पूर्ण वेगावर एच हळूहळू आवळू लागतो. आवाज चढतो, निर्मळ होतो, नवशिक्याला वाटते की हाच तो सूर. आणि नेमक्या तेथेच मिस्त्री पेच मागे फिरवतो.

"भाऊ, गोड आवाजाला भुलायचं नाही," तो म्हणतो, "त्यात पिस्टन जातो."

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच. म्हणून मिश्रण विरळ झाले की वेग वाढतो, उष्णता वाढते, आणि त्याच क्षणी तेल घटते. मोकळ्या धावेत किंचित जड, अडखळता, घरघरणारा आवाज असावा आणि लाकडात पाते शिरताच तो आपोआप साफ व्हावा, हे योग्य मिश्रणाचे लक्षण होय. ज्या यंत्राचा सर्वांत मोहक स्वर हाच त्याच्या विनाशाची पूर्वसूचना असतो, त्याच्याविषयी मला आदरच वाटतो. मात्र ज्याला ही घरघर ओळखता येत नाही, त्याने निमूटपणे टॅकोमीटर लावून कारखान्याने नेमून दिलेल्या फेऱ्यांची मर्यादा पाळावी.

हवामानाचाही यात दखलपात्र हिस्सा आहे. वैशाखाच्या तापलेल्या, विरळ हवेत लावलेली करवत पौषातल्या गार सकाळी, हवा घन झाल्यामुळे, विरळ मिश्रणावर धावू लागते. तोरणमाळच्या उंचीवर जुळवलेली करवत सुरतेच्या सपाटीवर आणली तरी हाच धोका.

म्हणून ऋतू पालटला की पेच पुन्हा तपासावेत, आणि करवत काही आठवडे पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषते, आणि आतला पडदा एकदा ताठरला की पेच कितीही फिरवले तरी उपयोग नाही. तो बदलावाच लागतो.