पाण्याचा ताळेबंद : हिवरे बाजार

आनंदधामच्या दर्शनास अहिल्यानगरला येणारी कुटुंबे बहुधा तेथूनच परततात. त्याच तालुक्यातील हिवरे बाजार मात्र वाट वाकडी करून पाहावे असे गाव आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर येथील डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेली. १९९० च्या सुमारास वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानाने डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले आणि पाऊस वाहून न जाता मुरू लागला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली; गवत मात्र विळ्याने कापून नेण्याची मुभा राहिली.

व्यापारी घरातील मनुष्य थबकेल तो गावाच्या हिशेबापाशी. पावसाळा सरला की येथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, हे पाहून माणसांचे व गुराढोरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात. जमा कमी, तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे. ऊस आणि केळी वर्ज्य. जमीन आपली, भांडवल आपले, तरी भूगर्भातील पाणी साऱ्या गावाचे, हे मान्य करणे सोपे नसते. उसाचा पैसा डोळ्यांसमोर असताना तर नाहीच. अपरिग्रहाची व्याख्याने ऐकून उठणाऱ्यांनाही ते जड जाईल.

आता शिवारात कांदा व भाजीपाला पिकतो, घरोघरी दुभती जनावरे आहेत. मुंबई-पुण्याला गेलेली अनेक कुटुंबे परत येऊन पुन्हा शेती करू लागली आहेत.