घुमटाखालचं पाणी

सिसिलीतल्या त्रापानी बंदरातून रात्री उशिरा सुटणारी बोट पहाटे पान्तेलेरियाला लागते. धक्क्यावर उतरलेल्या प्रवाशाला समोर दिसतं ते एक साधंसुधं गाव: सिमेंटच्या चौकोनी इमारती, मालाचे ट्रक, नुकतीच उघडलेली कॉफीची दुकानं. भूमध्य समुद्रातलं बेट म्हटलं की पांढरी घरं आणि निळी दारं डोळ्यांपुढे येतात, त्यांचा इथे मागमूस नाही. 1943च्या मे-जूनमध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी या बंदरावर बॉम्बफेक केली, 11 जूनला बेटाने शरणागती पत्करली, तोवर जुनं गाव ढिगाऱ्याखाली गेलं होतं. आज दिसतं ते त्यानंतर उभं राहिलेलं. आठवड्यासाठी व्हिला भाड्याने घेतलेला पाहुणा इथे फार रेंगाळत नाही. गाडीत सामान टाकतो आणि चढाला लागतो. गाव मागे पडतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या दगडांचे गडगे सुरू होतात, आणि त्यांच्या वरून बुटके पांढुरके घुमट डोकावू लागतात.

पान्तेलेरिया इटलीचं. पण सिसिली इथून सुमारे 100 किलोमीटर दूर, तर ट्युनिशियाचा किनारा त्याहून बराच जवळ, 70 किलोमीटरच्या आसपास. खाम्मा, गादीर, रेखाले ही वस्त्यांची नावं अरबी अमलाची आठवण सांगतात. क्षेत्रफळ सुमारे 83 चौरस किलोमीटर, वस्ती साडेसात हजारांच्या घरातली. बेट ज्वालामुखीचं आहे. शेवटचा उद्रेक 1891 साली वायव्येच्या समुद्रतळाशी झाला, पण डोंगराच्या फटींतून आजही गरम वाफ येते आणि ‘स्पेक्कियो दी व्हेनेरे’ या विवरातल्या सरोवराच्या काठी ऊन पाण्याचे झरे आहेत. वाळूची पुळण मात्र बेटावर कुठेच नाही. समुद्रात उतरायचं ते लाव्ह्याच्या खडकांवरून.

आणि वारा. वर्षातले बहुतेक दिवस तो इथे असतोच. कधी वायव्येकडून, कधी आफ्रिकेच्या वाळवंटाकडून तापून आलेला. बेटावरचं प्रत्येक बांधकाम, प्रत्येक झाड या वाऱ्याला विचारूनच वाढलेलं आहे.

इथे भाड्याने मिळणाऱ्या आलिशान व्हिलांपैकी बहुतेक मूळचे दम्मूसो आहेत. दम्मूसो म्हणजे इथल्या शेतकऱ्याचं घर. शेतातून निघालेला लाव्ह्याचा दगड एकावर एक रचून केलेल्या, मीटरभर किंवा त्याहून जाड भिंती, लहानशा खिडक्या, कमानीचं दार, आत एक मोठी खोली आणि भिंतीच्या पोटात कोरल्यासारखी दिसणारी, पडदा ओढून घ्यायची निजायची जागा. उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असताना आत पाऊल टाकलं की गारवा लागतो. लाकूड दुर्मीळ, म्हणून छताला वासे नाहीत. दगडाचीच कमान वर नेऊन घुमट केलेला.

या घुमटाचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. वरून पाहिलं तर तो एकसलग गोल नाही. मध्ये फुगवटा, कडेने उतरती खोलगट वाट, आणि काठाला हातभर उंचीचा कठडा. त्यावर ज्वालामुखीच्या मऊ दगडाचा चुरा आणि चुना यांचा थर देऊन तो ठोकून ठोकून घट्ट केलेला असतो, एक थेंबही मुरू नये म्हणून. पावसाची सर आली की पाणी फुगवट्यावरून घरंगळतं, कडेच्या वाटेला लागतं, एका कोपऱ्यातल्या भोकातून नळीत शिरतं आणि घराच्या पायाशी जमिनीत खोदलेल्या टाक्यात पडतं. बेटावर गोड्या पाण्याची नदी नाही. पाऊस येतो तो मुख्यतः हिवाळ्यात. तेव्हा छपरावर पडलेलं पाणी पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायचं, हा इथल्या संसाराचा पाया होता. सह्याद्रीतल्या गडांवरची खडकात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

हा हिशेब अनेक पिढ्यांचा आहे. बंदराजवळच्या सान मार्को टेकडीवर प्राचीन नगराचे अवशेष आहेत, आणि तिथेही जमिनीखाली पाण्याची टाकीच टाकी. 2003 साली उत्खनन करताना याच टाक्यांमध्ये संगमरवराची तीन मस्तकं सापडली: ज्युलियस सीझर, रोमन राजघराण्यातली अंतोनिया मायनर आणि सम्राट तितुस. दोन हजार वर्षांपूर्वीही या बेटावर राहायचं तर आधी पाणी साठवायची सोय करावी लागत होती, हे त्या टाक्यांनीच सांगून ठेवलं आहे.

शेतीची तऱ्हाही तीच. इथली झिबिब्बो जातीची द्राक्षं मांडवावर चढत नाहीत. प्रत्येक वेलासाठी जमिनीत आळं करतात आणि वेल त्या खळग्यात गुडघ्याएवढाच ठेवतात. वारा डोक्यावरून निघून जातो, दव आणि ओल मुळाशी राहते. ही लागवडीची पद्धत युनेस्कोने 2014 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. शेतीतल्या एखाद्या रीतीला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ऑगस्टच्या मध्यापासून द्राक्षं उतरवतात, काही घड उन्हात पसरून सुकवतात, आणि ते सुकलेले मणी हाताने खुडून आंबत्या रसात घालतात. त्यातून ‘पासितो’ ही मधासारख्या रंगाची गोड वाइन होते. केपरच्या झुडपांवरही माणसं ओणवी असतात. केपर म्हणजे न उमललेली कळी. ती सकाळी लवकर, एकेक करून, हाताने तोडायची आणि समुद्राच्या मिठात मुरवायची. एक दिवस उशीर झाला तर फूल उमलतं आणि कळी हातची जाते.

सगळ्यांत हृद्य रचना संत्र्या-लिंबाच्या झाडासाठीची. रानात मध्येच दगडाचा एक गोल, बिनछपराचा बुरूज दिसतो. पुरुष-दोन पुरुष उंच, एकच लहान दार. आत शिरलं तर मधोमध एकच झाड. वाऱ्यापासून राखायला आणि दगडांवर रात्री साठणारा दमटपणा मुळांना मिळावा म्हणून माणसांनी त्या एका झाडाभोवती गढी बांधलेली. खाम्मा इथला असा एक जुना बगीचा दोन्नाफुगाता या वाइन बनवणाऱ्या घराण्याने 2008 साली इटलीच्या वारसा जपणाऱ्या फाई या संस्थेला दिला. तिथे गेलेला माणूस आपोआप हळू बोलू लागतो. चार-दोन संत्र्यांसाठी कुणीतरी एवढे दगड वाहिले, यातली माया दिसायला वेळ लागत नाही.

ही घरं श्रीमंतांच्या नजरेत भरली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. शेती परवडेना, तरुण मंडळी मुख्य भूमीकडे निघून गेली, दम्मूसो ओस पडू लागले. मग मिलान-रोमचे लोक आले. फॅशनच्या जगातले जॉर्जो आर्मानी यांनी गादीरच्या बाजूला काही जुने दम्मूसो घेऊन त्यांचं एकत्र घर केलं आणि अनेक वर्षं ते उन्हाळ्यात तिथे येत राहिले; 2025 मध्ये त्यांचं निधन झालं. दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो यांनी ‘अ बिगर स्प्लॅश’ हा 2015चा चित्रपट याच बेटावर केला. टिल्डा स्विंटन त्यात आवाज गेलेल्या रॉक गायिकेच्या भूमिकेत आहेत, आणि बरीचशी कथा एका भाड्याच्या घराच्या पोहण्याच्या तलावाभोवती घडते. त्यानंतर अशा घरांची ओढ आणखी वाढली. दोन-तीन दम्मूसो जोडायचे, धान्य मळायच्या खळ्यावर जेवणाचं टेबल मांडायचं, द्राक्षं सुकवायच्या ओट्यावर आरामखुर्च्या टाकायच्या, आणि समुद्राच्या बाजूला तलाव खोदायचा: व्हिला तयार.

असा व्हिला खरोखर सुंदर असतो, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. जाड भिंतींतली दुपारची झोप, ओट्यावरून दिसणारा समुद्र, रात्री दिव्यांच्या गर्दीविना दिसणारं आभाळ, ताटात उकडलेला बटाटा, टोमॅटो, कांदा आणि केपर यांची साधी कोशिंबीर. पैसे मोजून एवढी शांतता आज फार कमी ठिकाणी मिळते. पण हे सुख तलावाने किंवा इटालियन बनावटीच्या नळांनी आणलेलं नाही. गारवा भिंतींचा आहे, भिंती शेत मोकळं करताना निघालेल्या दगडांच्या आहेत. निवारा गडग्यांचा आहे. पाहुणा ज्याचं भाडं भरतो ती चैन म्हणजे टंचाईत जगलेल्या माणसांची अक्कल आहे, आणि टंचाई अजून संपलेली नाही. आज समुद्राचं खारं पाणी गोडं करणारी यंत्रणा बेटावर आहे. तरी आडवळणाच्या कित्येक घरांपर्यंत नळ पोचलेला नाही. टाकं आटलं की टँकर मागवावा लागतो. ऑगस्टमध्ये, पाऊस महिनोन्‌महिने नसताना आणि बेट पाहुण्यांनी भरलेलं असताना, तोच टँकर गडग्यांमधल्या अरुंद वाटेने रखडत चढत असतो.

उन्हाळ्याचं दुसरं भय आगीचं. 2016च्या मे महिन्यात मोन्तान्या ग्रान्दे या 836 मीटर उंचीच्या डोंगरावरची शेकडो हेक्टर झाडी जळाली. त्याच वर्षी बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान झाला. ऑगस्ट 2022 मध्ये गादीर-खाम्माच्या बाजूला पुन्हा वणवा पेटला. वाऱ्याने तो घरांपर्यंत आणला. रातोरात व्हिला रिकामे करावे लागले, काही जणांना समुद्रातून बोटीने काढावं लागलं. आर्मानी आणि त्यांच्या पाहुण्यांनाही घर सोडावं लागलं. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही.

म्हणून या बेटावर घर घेणाऱ्याने छायाचित्रांतल्या तलावापलीकडे पाहावं. जुलै-ऑगस्टमध्ये घरं साधारण शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या हिशेबाने मिळतात, आगाऊ रक्कम आणि नुकसानीपोटी अनामत वेगळी. ‘समुद्राला लागून’ याचा अर्थ इथे अनेकदा खडकात खोदलेल्या पायऱ्या उतरून समुद्र, असा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना ते जमेल का, हे आधी विचारून घ्यावं. गाडीशिवाय चालत नाही. पोहायला कुठे जायचं ते वारा ठरवतो: वायव्येचा असेल तर आग्नेयेचा किनारा, आणि उलट. जानेवारी 2025पासून इटलीत अल्पमुदतीने भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक सक्तीचा आहे आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. तो क्रमांक दिसत नसेल, तर पैसे पाठवू नयेत. मालक पारपत्राचा तपशील मागतो याने बिचकायचं कारण नाही; पाहुण्यांची नोंद 24 तासांच्या आत पोलिसांकडे करणं त्याला बंधनकारक आहे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्याच्या अर्जात राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो, त्यामुळे घराचं पत्र अर्जाआधीच हाती असलेलं बरं.

शक्य असेल त्यांनी ऑगस्ट टाळून मेच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावं. मेमध्ये केपरची तोडणी सुरू झालेली असते, सप्टेंबरमध्ये द्राक्षांची लगबग, आणि दोन्ही वेळी टँकरसाठी रांग कमी असते. तलावाशिवायचा दम्मूसो मिळत असेल तर तोच घ्यावा. समुद्र पायऱ्यांखाली आहेच. आणि मालकाला पहिलं पत्र लिहिताना वाय-फाय किती वेगवान आहे हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: घराचं जुनं टाकं अजून वापरात आहे का, आणि घरात पाणी कुठून येतं? ज्या मालकाकडे या प्रश्नांची नेमकी उत्तरं आहेत, त्याचंच घर भाड्याने घ्यावं.