टीडीएस मीटरला पेट्रोल कळत नाही



आपल्याकडं आता घरोघरी टीडीएस मीटर आलंय. पाण्यात बुडवायचं, आकडा बघायचा आणि "पाणी चांगलं हाय" म्हणायचं. पण हे मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, तेवढंच. पेट्रोल-डिझेल त्याला कळत नाही. सामू आणि क्षार बघणाऱ्या नेहमीच्या पाणी परीक्षणातही ते सापडत नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या बांधाला लागून असलेली तात्यांची विहीर. उन्हाळ्यात तिच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास यायला लागला, वर रंगीत तवंग. म्हशीनं तोंड फिरवलं. वरच्या अंगाला रस्त्याकडेला पंप आहे. तात्या विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "आमची टाकी ठीक आहे. तुमचं पाणी आधी चांगलं होतं, याला पुरावा काय?" तीस वर्षं ते पाणी प्यालेला माणूस, पण हातात कागद एकही नाही. तेल कुठून आलं, ते अजून ठरलेलं नाही.

मग पाऊस झाला, विहीर वर आली, तवंग दिसेनासा झाला. सगळे म्हणाले, सुटलं एकदाचं. मला ते पटत नाही, का ते सांगतो.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते पाण्याच्या पातळीवर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेही खाली उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला चिकटत जातं. पावसात पातळी वर आली की तेच तेल पाण्याखाली अडकतं. वर तवंग दिसत नाही, पण त्यातलं बेन्झीन खाली पाण्यात विरघळतच राहतं. त्यात आपला सोलापूरचा काळा पाषाण. पाणी चालतं ते भेगांतून आणि सांध्यांतून. त्यामुळं पंपाजवळची विहीर चांगली आणि लांबची नासलेली, असंही होऊ शकतं.

बेन्झीनमुळं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवलीय. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. हिशेब केला तर 1 लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. आणि नुसत्या बेन्झीनचा वास पाण्याला येतो तोवर ते मर्यादेच्या कितीतरी पट झालेलं असतं. म्हणून नाकावर भरवसा नको.

2013 साली चेन्नईच्या तोंडियारपेठेत जमिनीखालच्या तेलवाहिनीच्या गळतीनं लोकांच्या बोअरचं पाणी नासलं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, सफाई वर्षानुवर्षं चालली. एक बाटली तपासली आणि विषय संपला, असं हे काम नाही.

आपल्याकडं पाकणीला तेलाचे डेपो आहेत, हायवेला पंपांची रांग आहे. डेपो आहे म्हणजे गळती आहे, असं अजिबात नाही. पण पाणी चांगलं असतानाच त्याची नोंद हवी, म्हणजे उद्या कुणी पुरावा मागितला तर दाखवता येईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. आपणही तेच महिने धरावेत. दर वेळी पातळी, वास, तवंग वहीत लिहा, तारखेसह फोटो काढा. प्रयोगशाळेची तपासणी निदान मे आणि ऑक्टोबरात करा, म्हणजे खालची पातळी आणि वरची पातळी दोन्ही सापडतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आधी फोन करून बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन करतात का विचारा. बाटली त्यांच्याकडूनच आणा. ती काचेची असते. काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, बर्फात ठेवून न्यायची. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये उन्हातून नेलं तर जे शोधायचंय तेच उडून जातं.

आणि एक. वास येत असेल तर विहिरीत उतरू नका, जवळ बिडी-काडी पेटवू नका. आत साठलेली वाफ गुदमरवते आणि पेटतेही. ते पाणी पिणं, जनावरांना पाजणं तिथंच थांबवा.

तात्यांनी ऑक्टोबरात पहिला नमुना दिला. खर्च चार विहिरीवाल्यांनी वाटून घेतला, कारण झरे खाली कुणाकुणाचे जोडलेत ते वरून दिसत नाही. चौघांच्याही विहिरींची नोंद आता एकाच वहीत आहे. पुढचा नमुना मे महिन्यात. आकडे आले की इथंच टाकतो, चांगले असोत की वाईट.